इंदू, तुझ्या भांड्याच्या तळाशी

सई आणि निहार,

परवा फोनवर सईने विचारलं, "आजी, आत्याआजी नेमकं काय बनवायची?" मी म्हटलं, "केमिस्ट होती ती." सई म्हणाली, "ते माहितीये गं. पण बनवायची काय?" मी म्हटलं, "पांढरी भुकटी." तुम्ही दोघं हसलात, मीही हसले. तेवढ्यात तुमच्याकडे कुणीतरी दार वाजवलं आणि फोन ठेवावा लागला.

तिला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. तिच्या आयुष्यभराच्या कामाची मी दोन शब्दांत बोळवण केली, हे मला दिवसभर टोचत राहिलं. म्हणून नीट लिहायला बसले आहे. अडचण एकच आहे. इंदूबद्दल तिच्या पाठीमागे बोलायची मला सवय नाही. इतकी वर्षं जे काही बोलायचं ते मी तिच्या तोंडावर बोलले आणि तिने त्याहून जास्त मला सुनावलं. तेव्हा मी तिच्याशीच बोलते. तुम्ही दोघं शेजारी बसून ऐका.

इंदू,

दुपारी जेवण झाल्यावर माझा डोळा लागतो. पूर्ण झोप नसते. पंख्याचा आवाज ऐकू येत असतो, तुझ्या दादांचा रेडिओ ऐकू येत असतो, आणि त्याच्या मधल्या पोकळीत तू असतेस. पडवीत पाय पसरून शेंगा फोडत बसलेली. टरफलं एकीकडे, दाणे एकीकडे, आणि निम्मे दाणे तोंडात. मी म्हणते, "अगं, चटणीला ठेव." तू म्हणतेस, "प्रयोगात थोडी घट धरायचीच असते, वहिनी." मग डोळे उघडतात आणि पडवी झाडलेली असते.

तिथेच बसून तू ते म्हणालीस. आजारपण तेव्हा बरंच पुढे गेलं होतं, पण तू अंथरुणावर पडून राहायला तयार नव्हतीस. शेंगा फोडता फोडता, जशी काही भाजीची चौकशी करावी तशा सुरात तू म्हणालीस, "वहिनी, एवढं केलं, पण माझं म्हणून मागं काही राहिलं न्हाई बघ." आणि मी काय म्हटलं? "चहा गार होतोय." खरं उत्तर द्यायचं राहिलं, त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

मी पुण्याची, इंग्रजीत शिकलेली, शाळेत शिकवलेली, लग्न करून लोणी गावी आले तेव्हा आपल्या मळ्यात विहीर खोदणं चाललं होतं. तू शाळकरी होतीस. रिवाजाप्रमाणे मी तुला 'वन्सं' म्हटलं तर तू घरभर हसत सुटलीस आणि म्हणालीस, "मला इंदू म्हण. वन्सं म्हटलं की मला मिशा फुटल्यासारखं वाटतं." सुरुंग उडाला की तू खोदकामाच्या ढिगाऱ्याकडे धावायचीस. काळ्याभोर कातळाच्या पोटात मुठीएवढ्या पोकळ्या असायच्या आणि त्यांच्या आत पांढऱ्या, गुलाबीसर स्फटिकांचे पंखे उमललेले असायचे. गडी त्यांना सरसकट गारगोट्या म्हणायचे आणि बांधाला टाकून द्यायचे. तू परकरात भरून आणायचीस. परकर फाटायचा आणि सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

पुढे तू पुण्याला कॉलेजात गेलीस. एका सुट्टीत काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा घेऊन आलीस. विहिरीतल्या त्या दगडाचा चुरा नळीत घातलास, खाली दिवा धरलास. सासूबाई आणि मी बघत होतो. चुरा तडतडला, फुगला, आणि नळीच्या वरच्या थंड भागात थेंब जमायला लागले. कोरड्या ठणठणीत दगडातून पाणी. सासूबाई पुढे वाकून बघायला लागल्या.

"आगं बया! ह्याला तर घाम फुटला!"

"घाम नाही, आई. त्याच्या अंगात बारीक बारीक खोल्या आहेत. त्यात पाणी राहायला आलं होतं."

"आनि तू त्याला हुसकावलं."

"हां. आता खोल्या रिकाम्या."

"मग आता त्यात कोन राहनार?"

तू माझ्याकडे बघितलंस. नंतर तू मला सांगितलंस की तुझ्या प्रोफेसरांनीही इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. सासूबाईंना मात्र हे कधीच कळलं नाही. त्या लगेच "दिवा इझव, स्पिरिट काय फुकट येतं?" म्हणून आत निघून गेल्या होत्या.

मुलांनो, त्या दगडाच्या जातीला झिओलाइट म्हणतात. जमिनीखाली तो व्हायला किती काळ लागतो याचा हिशेब आपल्या आवाक्यातला नाही. तुमची आत्याआजी तोच प्रकार, पण हवा त्या मापाचा, ओव्हनमध्ये काही दिवसांत करायची. सिलिका आणि ॲल्युमिनियमची संयुगं पाण्यात कालवून तांदळाच्या पेजेसारखा लगदा करायचा. जाड पोलादी भांड्यात टेफ्लॉनचा पांढरा प्याला असतो, त्यात तो ओतायचा, झाकण घट्ट आवळायचं आणि तापत ठेवायचं. मध्ये उघडून बघायची सोय नाही. उघडल्यावर तळाशी पांढरी भुकटी असते, आणि ती नुसती धूळ आहे की स्फटिक, हे डोळ्यांना कळत नाही. एक्स-रेच्या यंत्रातून आलेख काढावा लागतो. तू मला ते आलेख दाखवायचीस, इंदू. बिघडलं असेल तर नुसता म्हशीच्या पाठीसारखा उंचवटा. जमलं असेल तर जीवधन किल्ल्याच्या शेजारचा तो सुळका जसा एकदम आभाळात घुसतो तशा रेघा.

एका विशिष्ट स्फटिकासाठी त्या लगद्यात एक महागडं रसायन घालावं लागायचं. त्याच्या रेणूंभोवती भिंती उभ्या राहतात. मग सगळं भट्टीत घालून ते रसायन जाळून टाकायचं, की उरतात भिंती आणि रिकाम्या खोल्या. कारखान्यात तेलाचे रेणू या खोल्यांत शिरतात, आत त्यांची मोडतोड आणि जुळवाजुळव होते, आणि ते वेगळेच होऊन बाहेर पडतात. जे दारात मावत नाहीत ते बाहेरच राहतात. तू म्हणायचीस, "वहिनी, लोकांना वाटतं मी भिंती बांधते. मी जागा बांधते." चमचाभर भुकटीच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर विहिरीजवळची आपली कांद्याची पट्टी झाकली जाईल, असं तू हिशेब करून सांगितलंस. त्यानंतर कितीतरी दिवस कांद्याच्या पट्टीवरून चालताना मला वाटायचं की मी एका चमच्यातून चालले आहे.

तू पुण्याच्या अशा भुकट्या बनवणाऱ्या कारखान्यात लागलीस आणि काही वर्षांनी तुझं ते मोठं काम झालं. महागडं रसायन न घालता तोच स्फटिक तुझ्या भांड्यात तयार व्हायला लागला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तू लोणीला पेढे घेऊन आलीस. साहेब खूश होते, तुझ्या नावाने पेटंट घ्यायची बोलणी चालली होती. मग तीच कृती मोठ्या भांड्यात करायची ठरली. नवं कोरं, माणूस आत उभा राहील एवढं भांडं. उघडलं तर उंचवटा. पुन्हा केलं, पुन्हा उंचवटा. तुझ्या छोट्या प्याल्यात मात्र सुळका. पाठीमागे कुजबुज सुरू झाली की बाईंनी आलेख जुळवून आणलेले दिसतात. हे तुझ्या कानावर आलं आणि तू रजा टाकून घरी आलीस.

तुझं मनातून काही बिनसलं की तू घासायला घेतेस, हे मला ठाऊक होतं. डबे झाले, पितळी तांबे झाले, खिडक्यांचे गज झाले. मग तुझी नजर तुपाच्या बरणीकडे गेली.

त्या बरणीवरून माझं आणि सासूबाईंचं जुनं वैर होतं. मी आठवड्याला बरण्या रिकाम्या करून, धुऊन, वाळवून भरणारी. तुपाच्या बरणीला मात्र हात लावायची मला बंदी. तळाशी जुनं तूप ठेवायचं आणि त्यावरच नवं ओतायचं, अशी त्यांची रीत. "का?" विचारलं की उत्तर एकच, "आमी असंच करतो." त्या दिवशी सासूबाई शेजारी मयताला गेल्या होत्या. तू म्हणालीस, "वहिनी, आज तुझी इच्छा पुरी करते." सोडा घालून उकळत्या पाण्याने ती बरणी तू अशी धुतलीस की आरपार दिसायला लागलं. लोणी कढवलं, तूप गाळून बरणीत ओतलं. मी वर कागदाचं लेबलसुद्धा चिकटवलं. आपण दोघी फारच खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बरणीत चमचा घातला. एरवी आपल्या घरचं तूप रवाळ. दाणा न् दाणा मोकळा. हे मेणासारखं गुळगुळीत होतं.

"ह्ये काय केलंस गं?"

"बरणी धुतली फक्त."

"लई शिकलेल्या दोघी. एक लेबलं लावती, दुसरी सोडा लावती. आनि तूप बघा, कानाला लावायच्या मलमावानी!"

मी हसू दाबत होते. तू हसत नव्हतीस. तू भाकरीवर ते गुळगुळीत तूप घेतलंस, बोटाने चोळून बघितलंस आणि चोळतच राहिलीस. मग तू हळूच म्हणालीस, "माझा प्याला कुणी धुतलाय असा?"

त्या वाक्याचा अर्थ समजायला मला तुझ्याबरोबर विहिरीपर्यंत चालत जावं लागलं. ज्या प्याल्यात तू प्रयोग करत होतीस त्यात आधी तोच स्फटिक, महागडं रसायन घालून, दुसऱ्या कुणीतरी केला होता. प्याला धुतलेला होता, पण टेफ्लॉनला बारीक ओरखडे असतात. डोळ्यांना न दिसणारे जुन्या स्फटिकाचे कण त्यात अडकून राहिले होते. तुझ्या लगद्याने त्या कणांवरच वाढ धरली, जसा नव्या तुपाने जुन्या तुपातून रवा धरावा. नव्या भांड्यात धरायला काहीच नव्हतं. म्हणजे आलेख खरे होते, पण कृती अर्धी होती. उरलेली अर्धी भांड्याच्या अंगात होती.

मी तुला मिठी मारली. मला वाटलं, सुटलीस! तू म्हणालीस, "सुटले कसली. मी जे सांगत आले ते खोटं निघालं." मी म्हटलं, "खोटं नाही, अपुरं." तू म्हणालीस, "ह्या दोन्हींत फरक करत बसायला मला लाज वाटंल." रागावलीस की तू अशी लोणीच्या बोलीवर यायचीस.

तू पुण्याला गेलीस आणि सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलंस. पेटंटची बोलणी तिथेच थांबली. साहेबांनी वर आधीच शब्द दिलेला होता, त्यांचा पाणउतारा झाला. जुने कण मुद्दाम घालून मोठ्या भांड्यात करून बघू या, असं तू म्हणत होतीस. "आता पुरे," असं उत्तर मिळालं. तुला दुसऱ्या विभागात टाकलं. काही महिने तू ते सोसलंस, मग राजीनामा देऊन घरी आलीस आणि तालुक्याच्या कॉलेजात शिकवायला लागलीस.

आपलं भांडण त्या श्रावणातलं. तुला जरा मोकळं वाटावं म्हणून मी तुला घाटमाथ्यावरच्या आहुपे गावाला घेऊन गेले. घोडेगावहून एसटी चढायला लागली आणि डिंभ्याच्या धरणापुढे धुक्याने सगळं पुसून टाकलं. खिडकीबाहेर काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्यात मधूनच एखादं भाताचं हिरवं खाचर यायचं आणि जायचं. ती वाट मला अजून स्वप्नात दिसते. स्वप्नातली एसटी कधी पोचत नाही, आणि पोचू नये असं वाटतं.

आहुप्याच्या देवराईत आपण दोघीच होतो. झाडांवरून पाणी टपकत होतं. मी विषय काढला.

"थोडं थांबली असतीस. आधी कण घालून करून बघायचंस, जमल्यावर सांगायचंस. सगळ्यांनी डोक्यावर घेतलं असतं."

"आणि तोवर?"

"तोवर गप्प बसायचं."

"वहिनी, तुझ्या वर्गात एखादीनं उत्तर बरोबर लिहिलं, पण शेजारणीचं बघून, तर तू काय करायचीस?"

"तू कुणाचं बघितलं नव्हतंस."

"माझ्या प्याल्यानं बघितलं व्हतं."

मला हसू आलं, तुला राग आला. मी म्हटलं, खरेपणालाही वेळ-काळ असतो. तू म्हणालीस, असं इंग्रजीत शिकवतात वाटतं. परतीच्या एसटीत आपण वेगवेगळ्या बाकांवर बसलो, आणि कंडक्टरने दोघींना विचारलं, "काय ओ मावशी, सोबत न्हाय का तुमी?" तू म्हणालीस, "हाय, पण आज न्हाय."

पुढे किती वर्षं ते भांडण आपण अधूनमधून बाहेर काढलं आणि पुन्हा ठेवून दिलं. मी अजूनही म्हणते की तू थांबायला हवं होतंस. तू नाहीस म्हणून मी हार मानणार नाही. तुलाच ते आवडलं नसतं.

पण दुसरी एक गोष्ट मी कधीच बोलले नाही. तू परत आलीस तेव्हा तुझं सगळं मोडलं होतं, आणि माझं घर भरलं होतं. संध्याकाळी तू कॉलेजातून यायचीस, चप्पल काढता काढता बोलायला सुरुवात करायचीस, आणि लोणीत आल्यापासून जी माझ्याशी कुणी बोलत नव्हतं ती भाषा घरात सुरू व्हायची. भांडणाची, पुस्तकांची, कशाचीही. मुलांच्या दहावीचं विज्ञान तू घेतलंस, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात तू बसलीस. तुझ्या नुकसानीतून मला जे मिळालं त्याबद्दल आभार कसे मानायचे ते मला समजलं नाही. आज मानते.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. भेटायला येणाऱ्यांत एक बाई आल्या. केस पिकलेले, नीटनेटक्या. मी ओळखलं नाही. "मी राजश्री," म्हणाल्या. "मॅडमच्या हाताखाली ट्रेनी होते. पुढच्या वर्षी रिटायर होते." चहा झाला, तुझ्या आठवणी झाल्या. मग मी सहज म्हटलं, "तिचं ते काम सोडून दिलं ना तुम्ही लोकांनी? तिला फार लागलं होतं ते."

त्यांनी कप खाली ठेवला. "सोडून? नाही हो. तेच तर चालू आहे."

मला कळेना. त्या सांगत गेल्या. कारखाना सोडून जाताना तू राजश्रीच्या हातात झाकण लावलेली छोटी बाटली दिली होतीस. तुझ्या प्याल्यातली भुकटी. म्हणाली होतीस, "टाकू नकोस. कधी साहेब बदलले तर मोठ्या भांड्यात घालून बघ." दोन-अडीच वर्षांनी साहेब बदलले. राजश्रीने घालून बघितलं.

"आणि?"

"आलेख आला, काकू. सुळक्यासारखा. आम्ही सगळे ओरडलो."

"मग तिला का नाही सांगितलंत?"

"बाहेर बोलायची बंदी होती, तसं लिहून दिलं होतं आम्ही. आणि खरं सांगू? आम्हाला वाटलं, मॅडमना कळलंच असेल. एवढ्या हुशार बाई. त्यांना कळणार नाही असं कुणाच्या मनातच आलं नाही."

त्या रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. मी तशीच पडवीकडे बघत बसले. तुला हाक मारावी, "इंदू, जरा बाहेर ये, बघ कोण आलंय," हे शब्द ओठांपर्यंत आले होते. दादांनी रेडिओ बंद केला.

तुला हे ठाऊक होतं का? बाटली देताना तुला खात्री होती, की नुसती आशा होती? मग पडवीत बसून तू तसं का म्हणालीस? राजश्रीला तू एकदाही विचारलं नाहीस. विचारलं आणि "नाही" ऐकावं लागलं तर, या भीतीने नाही विचारलंस का? मला आता यातलं काहीच कळणार नाही. चहा गार होतोय, असं म्हणण्याऐवजी मी तिथे बसून राहिले असते, तरी कदाचित कळलं नसतं.

राजश्रीला मी फाटकापर्यंत सोडायला गेले. जाताना मी त्यांना दोनदा विचारून घेतलं, कारण मला चुकीचं काही सांगायचं नव्हतं, तुलाही आणि मुलांनाही. त्यांनी दोन्ही वेळा तेच सांगितलं. तुझं नाव तिथे कुठेही लिहिलेलं नाही. नव्या पोरांना तू कोण ते माहीत नाही. पण ते महागडं रसायन पुन्हा कधी आणलं गेलं नाही. प्रत्येक बॅच उतरली की तिच्यातली थोडी पांढरी भुकटी बाजूला काढतात आणि पुढच्या बॅचमध्ये घालतात. ही साखळी तुझ्या बाटलीतून सुरू झाली, आणि मध्ये ती एकदाही तुटलेली नाही.